कळवतो म्हणाले होते



ज्येष्ठात मी इथे मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, की लेक आता तिसरीत गेली, माझा दिवसाचा वेळ मोकळा होतोय, तेव्हा मी पुन्हा नोकरी शोधते आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी शुभेच्छा दिल्या. त्यानंतर मात्र मी त्या विषयावर गप्पच बसले. "काय झालं गं त्या नोकरीचं?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला माझं एकच उत्तर असायचं, "कळवतो म्हणालेत."

आज सगळं सविस्तर सांगते. थोडं लांबेल. पण ही गोष्ट शेवटी माझ्या नोकरीपुरती राहिली नाही, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली, म्हणून लिहिते आहे.

नव्या मैत्रिणींसाठी थोडी ओळख. माझं माहेर सांगलीचं. २०१० साली वालचंद कॉलेजमधून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि सात वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली. २०१७ ला लेक झाली, त्याच वर्षी यजमानांची खोपोलीच्या कारखान्यात बदली झाली आणि मी राजीनामा दिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, "मी आहे की, तू जा खुशाल." पण तेव्हा मलाच घरी राहावंसं वाटलं. त्याचा पश्चात्ताप नाही. आठ वर्षांनी परत कामाला जावंसं वाटलं, एवढंच. गेली दोन वर्षं लेक झोपल्यावर रात्री लॅपटॉप उघडून मधल्या काळात आलेलं नवीन सगळं शिकत होते.

२ जूनला अर्ज केला. ऐरोलीला ऑफिस असलेली एक कंपनी. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जायचं, बाकी घरून काम. जाहिरातीत मागितलेलं बहुतेक सगळं मला येत होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव घेऊन बोल लावावा असं मनात नाही, आणि या क्षेत्रातल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की त्यांचे अनुभवही फारसे वेगळे नाहीत.

सुरुवात फॉर्मपासून झाली. आधी बायोडाटा जोडायचा, मग त्यातलंच सगळं पुन्हा एकेका चौकटीत भरायचं. "सध्याची कंपनी" ही चौकट रिकामी सोडताच येईना. "नोकरीत खंड पडण्याचं कारण" यापुढे चार पर्याय होते: शिक्षण, आजारपण, कौटुंबिक, इतर. लेकीचं बाळपण, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, खोपोलीत नव्याने मांडलेला संसार, सगळं "कौटुंबिक" या एका शब्दावर टिचकी मारून संपलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मी कुकर लावलेला. पलीकडे एक तरुण मुलगी.

"मॅम, तुमचा नोटीस पिरियड किती?"

"मी सध्या नोकरीत नाहीये."

"ओके मॅम. मग नोटीस पिरियड किती दिवसांचा?"

तिच्यासमोरच्या चौकटीत आकडा हवा होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. म्हटलं, "शून्य." ती खूश झाली. "परफेक्ट मॅम!" त्या दिवशी आम्ही घरी खूप हसलो. आठ वर्षं घरी बसण्याचा हा एक फायदा निघाला.

मग ऑनलाइन परीक्षा. दीड तास, तीन प्रश्न, कॅमेरा सतत चालू. नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये. सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं होतं, पण सवय कशी जाणार? देवघरातून पूजा करून बाहेर येताना त्या माझ्यामागून गेल्या, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली, "दुसरी व्यक्ती आढळली. ही तुमची पहिली ताकीद." त्या माऊलीला कळलंही नाही की नुकताच तिचा कॉपी पुरवणाऱ्यांत समावेश झाला.

त्यातला एक प्रश्न तुम्हालाही आवडेल. अशी कल्पना करा, की एक लांब साखळी आहे. प्रत्येक कडीला फक्त पुढची कडी कुठे आहे तेवढंच माहीत. साखळी कुठेतरी संपते, की वळून स्वतःलाच जोडली जाऊन गोल गोल फिरत राहते, हे ओळखायचं. युक्ती सोपी आहे. साखळीवरून दोघांना चालायला लावायचं, एक जण एकेक कडी पुढे जाणार, दुसरा दोन-दोन. साखळी सरळ असेल तर वेगवान माणूस शेवटाला पोचतो. गोल असेल तर तो कधी ना कधी हळू चालणाऱ्याला मागून येऊन गाठतोच. मंदिरात प्रदक्षिणा घालताना आपली लेकरं पळत येऊन मागून आपल्याला गाठतात ना, तसं. हे उत्तर लिहिताना मला फार आनंद झाला. म्हटलं, अजून येतंय आपल्याला.

परीक्षेत पास झाले. पुढची मुलाखत व्हिडिओवर. जूनचा शेवट, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. बोरघाटाच्या पायथ्याचं गाव, एकदा कोसळायला लागला की समोरची इमारत दिसत नाही. मुलाखत सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि लाईट गेली. १९१५ पासून याच खोपोलीत घाटावरचं पाणी पाइपांतून खाली आणून वीज तयार होते, मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या, आणि माझ्या टेबलावर अंधार! मोबाइलच्या नेटवर कशीबशी परत जोडली गेले. समोरचा मुलगा पंचविशीचा असेल. म्हणाला, "पुढच्या वेळी जागेची व्यवस्था नीट करून बसा." मी सॉरी म्हटलं. पावसाच्या वतीनेही म्हटलं.

त्यानंतर "तीन-चार तासांचं छोटंसं काम" घरी करायला दिलं. डब्यांच्या ऑर्डरी घेणारी, हिशेब ठेवणारी, डबा कुठवर पोचला ते दाखवणारी प्रणाली लिहून द्यायची. मुदत चार दिवस. मी बावीस तास घालवले. मन लावून केलं, कारण डबा हा विषय आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतो. डबा परत आला नाही तर दुसऱ्या दिवशी काय, महिन्यात चार दिवस गिऱ्हाईक गावाला गेलं तर हिशेब कसा, एखाद्याला कांदा-लसूण नको असेल तर ते कुठे लिहायचं, सगळं त्यात घातलं. त्या चार दिवसांत यजमानांनी दोनदा स्वतः स्वयंपाक केला. आमटीबद्दल मी काही बोलणार नाही.

पुढच्या फेरीतल्या गृहस्थांनी सुरुवातीलाच सांगितलं, "तुम्ही काय बनवलंय ते जरा थोडक्यात सांगता? मला बघायला वेळ झाला नाही." बावीस तास मी पाच मिनिटांत सांगितले.

ही फेरी ८ जुलैला होती. त्याआधी तिची तारीख दोनदा बदलली होती. वेळ संध्याकाळी पाचची ठरली. आमच्याकडे बारा महिने सूर्यास्ताच्या आत जेवण असतं. म्हटलं, सहाला मोकळी झाले तर जेवायला तास-सव्वा तास मिळतो. पाचला कुणी आलं नाही. साडेपाचला निरोप, "थोडा उशीर होतोय, लिंकवरच थांबा." लिंकवर थांबायचं म्हणजे कॅमेऱ्यासमोर तोंड हसरं ठेवून बसायचं. ते आले सहा वाजून चाळीस मिनिटांनी आणि मुलाखत संपली तेव्हा साडेसात होऊन गेले होते. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. एक संध्याकाळ न जेवल्याने काही होत नाही, आपण उपवास करणाऱ्या बायका. लागलं ते वेगळंच. "मला पंधरा मिनिटं द्या, मी जेवून येते," हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आपण आठ वर्षं घरी होतो, आपल्याला कुठला हक्क, असं आतून कुणीतरी सांगत होतं. कंपनीने तसं म्हटलं नव्हतं, ते माझं मीच ठरवलं होतं.

१५ जुलैला ऐरोलीला बोलावलं. मी सकाळी सातच्या सुमाराची लोकल धरली. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, दोन्ही बाजूंना लावणीची शेतं, डोंगरावरून उतरलेल्या पांढऱ्या धारा. कर्जतला गाडी बदलली. फलाटावर वड्यांचा घमघमाट होता, तो आपला नाही, पण वासावर अजून कुणी बंदी घातलेली नाही. पलीकडच्या फलाटावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावत होते. घाट चढायचा तर पुढचं एक इंजिन पुरत नाही, मागून ढकलणारं कुणी लागतं. मला घरची आठवण झाली. सासूबाई पहाटे उठून माझा डबा करून मोकळ्या झाल्या होत्या, लेकीची वेणी यजमान घालणार होते. त्या दिवशी ती तिरक्या भांगाने शाळेत गेली.

ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडली. वेळ अकराची होती, मी सव्वादहालाच पोचले. आत बोलावलं एक वाजून चाळीस मिनिटांनी. वीस मिनिटं बोलणं झालं. त्यात कामाबद्दलचे प्रश्न दोन. बाकीचे असे: मुलीला कोण बघतं? सासूबाईंची तब्येत कशी असते? अजून एका मुलाचा विचार आहे का? पावसात खोपोलीहून गाड्या बंद पडल्या तर?

शेवटचा प्रश्न रास्त होता, आमच्या मार्गावर पावसात काय होतं ते मी जाणते. पण आधीचे तीन? माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला मी बाहेर पडताना विचारलं होतं, त्याचं लहान बाळ कोण सांभाळतं असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. नोकरीवर घेताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे आपल्या देशात १९७६ च्या समान वेतन कायद्यातच लिहिलं गेलं. कायदा मला माहीत होता. तरी मी हसून सगळी उत्तरं दिली. "सासूबाई खणखणीत आहेत," असंही सांगितलं.

१८ जुलैला शेवटचा फोन. पगाराचं बोलणं झालं. २०१७ ची पगाराची चिठ्ठी मागितली, तीही शोधून पाठवली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सगळं पॉझिटिव्ह आहे मॅम. दोन दिवसांत कळवतो."

दोन दिवसांचा आठवडा झाला. मी एक मेल केला. उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात फोन केला, रिंग वाजून बंद. मी फोन आंघोळीला जातानाही दाराशी ठेवायला लागले. अनोळखी नंबर दिसला की कणकेच्या हातानेच उचलायचे, निघायचं कर्जवाल्यांचं. लेक विचारायची, "आई, तू पास झालीस की नापास?" तिला वाटायचं, परीक्षा दिली म्हणजे निकाल लागतोच.

याच काळात कर्जतच्या एका क्लासमधून विचारणा आली होती. अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं, आठवड्यातून तीन दुपारी. घराजवळचं काम, आणि मला शिकवायला आवडतं. पण ऐरोलीचं होणार अशा भरवशावर मी त्यांना म्हटलं, "जरा थांबता का? आठवड्यात कळवते." ते दोन आठवडे थांबले. मग त्यांनी दुसरं कुणी घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही.

पाचव्या आठवड्यात तीच जाहिरात त्याच शब्दांत पुन्हा झळकली. मला ती मोबाइलने सुचवली, "तुमच्यासाठी योग्य नोकरी" म्हणून.

तेव्हा मला सुधा मूर्तींची गोष्ट आठवली. तुम्हाला माहीतच असेल, त्यांनी स्वतः लिहिली आहे. १९७४ साली बेंगळुरूला शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली, खाली लिहिलेलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. त्यांनी चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. दहा दिवसांच्या आत तार आली, पुण्याला मुलाखतीला या, खर्च कंपनीचा. पुढे त्या तिथे इंजिनिअर म्हणून लागल्याही. दरवेळी ही गोष्ट वाचताना मला त्यांच्या धिटाईचं कौतुक वाटायचं. यावेळी मात्र मी त्या तारेपाशी अडले. अनोळखी मुलीच्या रागीट पोस्टकार्डालासुद्धा दहा दिवसांत उत्तर आलं! माझ्या मुलाखतींना माणसं लागली, त्यांचे तास गेले, माझे गेले, आणि शेवटी एक ओळ लिहायला कुणी नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी कर्जतच्या क्लासला गेले असते.

आता खरी गोष्ट सांगते.

दशलक्षण सुरू झालं. आमच्या ओळखीत दिगंबर घरं मोजकीच, म्हणून आम्ही सात-आठ बायका दुपारी एकीच्या घरी स्वाध्यायाला जमतो. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, ओठांवर एक, करणं तिसरंच, असं नको. वाचन संपल्यावर चर्चा सुरू झाली आणि मी माझं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, "बघा, ती माणसं खोटं बोलली नाहीत. नुसती गप्प राहिली. पण आर्जव नाहीच ना हे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनीही डोलावली.

घरी परत येताना रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो आणि मला एकदम जयसिंगपूर आठवलं.

अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी आम्ही धाकट्या भावजींसाठी जयसिंगपूरला मुलगी बघायला गेलो होतो. शाळेत शिकवणारी, शांत, छान मुलगी. तिच्या आईने किती काय काय केलं होतं. मुलीने स्वतः केळ्याच्या वड्या केल्या होत्या. मी तिला चार प्रश्नही विचारले होते. "नोकरी करायची इच्छा आहे का? खोपोलीचा पाऊस झेपेल का?" निघताना सासूबाईंनी हात जोडून म्हटलं होतं, "घरी बोलून कळवतो." परतीच्या वाटेवरच भावजी म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे वहिनी, पण माझं मन होत नाही." म्हणजे आमचं उत्तर त्याच दिवशी ठरलं होतं. जूनमध्ये मुलीच्या आईचा फोन आला, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "पत्रिका दाखवायची आहे." चातुर्मास लागला आणि तो विषय आपोआप मिटला. म्हणजे आमच्यापुरता मिटला.

जवळजवळ चार महिने. माझे सहाच आठवडे झाले होते.

रात्री दिवाणखान्यात बसलो असताना मी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तोंडावर नाही म्हटलं की माणसं दुखावतात. आपल्यात गप्प राहिलं की समजून घेतात. माझ्या वेळीही असंच होतं."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. वाईट हेतू कुठेच नव्हता. मुलीला नाकारलं असं बोलणं होऊ नये म्हणूनच त्या गप्प होत्या. बहुतेक ऐरोलीच्या त्या फोनवरच्या बाईही चांगल्याच असतील, वाईट बातमी द्यायची त्यांच्या जिवावर आली असेल.

मी एवढंच म्हटलं, "आई, मी समजून घेतलं का? मी अजून फोन दाराशी ठेवते."

त्या काही बोलल्या नाहीत. माळ घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी स्वतःच फोन लावला. मला म्हणाल्या, "तू बस इथे." स्पीकर सुरू नव्हता, पण समोरचा आवाज ऐकू येत होता. सासूबाईंनी क्षेमकुशल विचारलं नाही, पाऊस विचारला नाही. सरळ म्हणाल्या, "ताई, चुकलंच आमचं. आमच्या मुलाचं मन झालं नाही. तुमच्या लेकीत काही कमी नाही. हे मी मे महिन्यातच सांगायला हवं होतं. मला क्षमा करा."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्या बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आम्ही तुमच्यासाठी एक स्थळ थांबवून धरलं होतं. सांगलीचं. जुलैत त्यांनी दुसरीकडे ठरवलं."

सासूबाईंच्या हातातला फोन खाली आला. मी तो घेतला, पण मला काय बोलावं सुचेना. मीही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे. लेक रोज विचारायची, त्यांचा फोन आला का. आज तिला सांगता तरी येईल."

मैत्रिणींनो, त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. माझा कर्जतचा क्लास गेला, तो पुढच्या वर्षी परत मिळेल. तिचं काय? कुणी सांगावं, ते सांगलीचं स्थळ जमलंही नसतं. पण जमायचं की नाही ते तिच्या घरात ठरायला हवं होतं, आमच्या गप्प बसण्याने नाही. दरवर्षी क्षमावणीला आम्ही शंभरेक जणांना हात जोडलेलं चित्र पाठवतो. जयसिंगपूरच्या घरालाही ते आपोआप गेलं असतं. ज्या गोष्टीची क्षमा मागायची तीच न सांगता.

त्या संध्याकाळी मी ऐरोलीला शेवटचा मेल लिहिला. राग काढला नाही. किती फेऱ्या झाल्या, कुठल्या तारखांना, हे लिहिलं. घरचे प्रश्न विचारले ते योग्य नव्हतं, हे लिहिलं. "सहा आठवड्यांत उत्तर आलं नाही, म्हणून माझा अर्ज मी मागे घेते आहे," असं लिहून पाठवून दिलं. उत्तर आलं नाही, पण आता मी वाट बघत नव्हते. लेकीला सांगितलं, "निकाल लागला. मीच लावला."

नोकरी शोधणं थांबवलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी, किंवा कुणाची लेक-सून मुलाखती देत असेल, तर माझ्या ठेचा उपयोगी पडतील म्हणून सांगते. पहिल्याच फोनवर विचारा, एकूण फेऱ्या किती आणि उत्तर किती दिवसांत. विचारलं म्हणून कुणी आपल्याला काढत नाही. घरी करायचं काम दिलं, तर त्यांनी सांगितले तेवढेच तास द्या आणि पुढे काय करता आलं असतं ते खाली लिहा. जेवणाची वेळ, मुलीची शाळा सुटायची वेळ आधीच सांगा. मी आता सांगते, "साडेपाचनंतर मला जमणार नाही." दोघांनी वेळ बदलून दिली, एकाने कारणही विचारलं नाही. मुलं कोण सांभाळतं असं विचारलं, तर "घरची व्यवस्था झालेली आहे, कामाबद्दल बोलूया," एवढं म्हणा, हसून म्हणा. आणि पक्कं पत्र हातात येईपर्यंत दुसऱ्या कुणाला थांबवू नका, स्वतःलाही नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. दोन फेऱ्या. तिसऱ्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या बाईंचाच मेल आला: यावेळी घेऊ शकत नाही, कारण क्लाउडवरच्या कामाचा अनुभव कमी पडतो. काय शिकून यावं तेही दोन ओळींत लिहिलं होतं. मी तो मेल यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "नाही म्हणाले, आणि तू हसतेयस?" खरंच हसत होते. मी त्यांना आभाराचं उत्तर लिहिलं आणि त्या रात्री पुस्तक उघडलं.

क्षमावणी होऊन गेली, पण फोन करायला मुहूर्त लागत नाही. आपल्या घरात कुणाला "कळवतो" म्हणून ठेवलंय का, जरा आठवून बघा. मुलीचे आईवडील असतील, कामाला येऊ का विचारून गेलेली बाई असेल, दुकानात नोकरी मागायला आलेला मुलगा असेल, उसने पैसे मागितलेली बहीण असेल. उत्तर "नाही" असलं तरी तेवढं सांगून टाका. समोरचा माणूस दाराशी फोन ठेवून बसलेला असतो.

सासूबाईंनी परवा आपली जुनी वही काढली आणि अशी तीन नावं लिहिली. दोन फोन झाले. तिसरा उद्या करायचा आहे.

जय जिनेंद्र.